एका डीएलएलपायी

कॉलेजात असताना रात्र रात्र जागून खेळलेला एक गेम ऑनलाइन दुकानात सवलतीत दिसला आणि मी लगेच घेऊन टाकला. डाउनलोड झाला, इन्स्टॉल झाला, हौसेने डबल क्लिक केलं, तर समोर पांढरी चौकट: डी३डीएक्स९_४३.डीएलएल ही फाइल सापडत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही. पुढचं सगळं माझ्याच हाताने झालं, हे आधीच कबूल करतो.

गेमच्या पानावर ‘डायरेक्टएक्स ९ आवश्यक’ असं लिहिलं होतं. डायरेक्टएक्स म्हणजे गेमची चित्रं आणि आवाज चालवणारी विंडोजमधली यंत्रणा. मी माझ्या परीने खात्रीही करून घेतली. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून डीएक्सडायग टाइप केलं, तर खाली स्वच्छ दिसलं: डायरेक्टएक्स १२. बारा असताना नऊ कसं नसेल? म्हणजे नक्कीच काहीतरी बिघडलंय, असं मी ठरवून टाकलं. खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. डायरेक्टएक्स १२ विंडोज १० बरोबर आपोआप येतं, पण जुने गेम ज्या डी३डीएक्स नावाच्या जोडफाइली (डीएलएल) मागतात, त्या त्यात नसतात. त्यांचा शेवटचा संच जून २०१० चा आहे, तो वेगळा बसवावा लागतो आणि मायक्रोसॉफ्ट तो फुकट देते. हे ज्ञान मला व्हायचं तेव्हा झालं नाही. आणि ‘आपलंच काहीतरी बिघडलंय’ असं वाटणाऱ्या माणसावरच काहींचा धंदा चालतो.

फाइलचं नाव सर्चमध्ये टाकलं. सगळ्यात वर आली ती जाहिरात होती, पण तो बारीक अक्षरातला शब्द बघतो कोण? ‘ही त्रुटी २ मिनिटांत दुरुस्त करा.’ निळ्या रंगाचं, खिडकीचं चित्र लावलेलं, थेट कंपनीचंच वाटावं असं पान. गेलो होतो एक फाइल आणायला, उतरलं एक अख्खं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर. ते चालवायला घेतलं तर विंडोजने आडकाठी केली: हे ॲप अनोळखी आहे. पण त्या पानावर आधीच लिहून ठेवलं होतं की अशी सूचना येईल, घाबरू नका, ‘तरीही चालवा’ दाबा. चोरानेच सांगावं की कुत्रं भुंकेल, लक्ष देऊ नका, आणि मालकाने मान डोलवावी, तसं झालं.

तपासणी बघण्यासारखी होती. फाइलींची नावं भराभर सरकत होती, डाव्या कोपऱ्यात लाल आकडा वाढत होता, मध्येच थबकायचा, जणू काही गंभीर सापडलंय. शेवटी थांबला ३८६ वर. ३८६ बिघाड! तपासणी फुकट, दुरुस्तीला मात्र पैसे. मी कार्डाचा नंबर टाकला. त्याच पानावर खाली एक चौकट आधीच टिक केलेली होती, दरवर्षी आपोआप नूतनीकरण करण्याची. ती मला पुढे बँकेशी बोलताना कळली.

पैसे भरल्यावर सॉफ्टवेअरने ती फाइल गेमच्या फोल्डरमध्ये आणून ठेवली. गेम तरीही चालेना, फक्त निरोप बदलला: ०एक्ससी०००००७बी. याचंही कारण साधं होतं. गेम ३२ बिटचा, आणि त्यांनी टाकलेली फाइल ६४ बिटची. गेम आधी स्वतःच्याच फोल्डरमध्ये शोधतो, तिथे त्याला भलत्याच मापाची फाइल मिळते आणि तो आपटतो. म्हणजे ज्या एका कामाचे पैसे घेतले, तेवढंही धड केलं नव्हतं.

सॉफ्टवेअरच्या खिडकीत मदतीचा फोन नंबर होता. मी स्वतः फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय अदबशीर. “सर, काळजी करू नका, मी स्वतः बघतो.” त्याने दुरून स्क्रीन बघण्याचं एक ॲप घ्यायला लावलं, नऊ आकडी कोड विचारला आणि माझ्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप हलायला लागला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी.

“सर, हे लाल दिसतंय ना, हे सगळे व्हायरस. तुमचं मशीन आतून पोखरलंय.”

मला खरंच घाम फुटला. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही आहे आणि धडधाकट कॉम्प्युटरवरही तिच्यात अशा लाल-पिवळ्या नोंदी कायम असतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मग आला कायमस्वरूपी संरक्षणाचा प्रस्ताव, रक्कम आधीच्या कितीतरी पट. मी कां-कूं करायला लागलो तसा त्याचा सूर बदलला. “सर, बँकेची साइट उघडा, मी इथूनच भरून देतो.” तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फोन ठेवला, नेटची वायर उपटली आणि कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं. वायर निघेपर्यंत बाण हलत होता.

दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, लाज वाटत होती. मग भाच्याला बोलावलं. “मामा, फाइल हवी होती तर मला एक मेसेज टाकायचा ना,” एवढंच म्हणाला. त्याने गेमचा फोल्डर उघडला. आत रेडिस्ट नावाचा फोल्डर, त्यात डायरेक्टएक्स, त्यात डीएक्ससेटअप. म्हणजे मला हवी होती ती गोष्ट गेमबरोबरच आली होती आणि पहिल्या दिवसापासून माझ्याच डिस्कवर पडून होती. नसती तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून जून २०१० चं पॅकेज घ्यायचं. ते उघडलं की आधी ‘कुठे सोडवू’ असं विचारतं. एखादा रिकामा फोल्डर दाखवायचा आणि मग त्यातला डीएक्ससेटअप चालवायचा. बरेच जण सोडवण्यापर्यंत येतात आणि झालं असं समजून थांबतात.

एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाइम१४० ही डीएलएल नाही म्हणून रडणाऱ्या गेमचंही असंच असतं. त्यांना मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे अशा जोडफाइलींचा तयार संच, लागतं, तेही फुकट. विंडोज ६४ बिटचं असलं तरी गेम ३२ बिटचा असू शकतो, म्हणून एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं) दोन्ही बसवावीत. सुटी डीएलएल कुठूनही आणून टाकू नये. घेतलेल्या सेटअपवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स बघितलं की बनवणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे मायक्रोसॉफ्ट नसेल किंवा तो टॅबच नसेल, तर फाइल थेट कचऱ्यात.

दुरून स्क्रीन बघण्याचं ते ॲप कॉम्प्युटर सुरू होताच स्वतःही सुरू होईल अशी सोय तो माणूस करून गेला होता. भाच्याने विंडोज नव्याने टाकलं आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलून घेतले. बँकेने कार्ड बंद केलं, त्यामुळे पुढच्या वर्षीची वसुली टळली. पहिली रक्कम मात्र गेलीच, कारण मंजुरी मी दिली होती.

जाण्याआधी भाच्याला एक खोडी सुचली. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज सँडबॉक्स आहे, म्हणजे विंडोजच्या आत एक तात्पुरतं, कोरं करकरीत विंडोज, बंद केलं की पुसलं जाणारं. त्यात त्याने तेच दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवलं. ना गेम, ना माझ्या फाइली, दोन मिनिटांपूर्वी जन्मलेलं विंडोज. लाल आकडा वाढत गेला, मध्येच थबकला, पुन्हा वाढला आणि थांबला.

३८६.