भावाच्या लग्नातला फेटेवाला: काम कडक, वेळेची बोंब
धाकट्याच्या लग्नाला ठाण्यातल्या जांभळी नाक्याकडचा एक फेटेवाला सांगितलेला, हॉल घोडबंदरला, आणि हा बाबा ट्रॅफिकचं कारण देत एवढा लेट की मुहूर्त जवळ आला तसा माझा बीपी वर. पण आल्यावर काम एक नंबर! रेडीमेड नाही, आठ-नऊ मीटर कापड डोक्यावरच बांधलं, तुरा ताठ, मागे सोडलेल्या शेमल्याच्या चुण्या एकसारख्या, कानपिळीत साल्याने कान चांगलाच पिळला तरी फेटा जागचा हलला नाही. करवली म्हणून करा-दिवा घेऊन मी मागेच उभी, समोर सतत तो फेटाच, शाळेत जाताना धाकट्याचा भांग मीच पाडायचे ते आठवलं आणि मेकअपची वाट लागली😭 वऱ्हाडाला मात्र एकच माणूस, निम्मे काका फोटोत तसेच बोडके. चार स्टार, बोलवायचं तर तासभर आधीची वेळ सांगा.