एलओटीडब्ल्यूचे नऊ महिने: शंभरावर देश कन्फर्म झाले, पण माझी डायरी उघडी पडली

मी नाशिकला जेलरोडला राहतो. देशाची टपाल तिकिटं छापणारी प्रेस घरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर. तरी हौशी (हॅम) रेडिओचं लायसन्स मिळाल्यापासून चार वर्षांत माझ्याकडे आलेली क्यूएसएल कार्डं, म्हणजे रेडिओवर बोलणं झाल्याची पोच देणारी टपालकार्डं, किती, तर एकोणीस. पाठवली दीडशेच्या वर. कार्डांची एकगठ्ठा ने-आण करणाऱ्या ब्युरोमार्फत गेलेल्या कार्डाला उत्तर आलंच तर दीड-दोन वर्षांनी. थेट पाठवायचं तर परतीच्या टपालखर्चाची सोयही आपणच करायची. रेडिओवर बोलणं झालं हे दोन्ही बाजूंनी मान्य झाल्याशिवाय पुरस्काराला धरत नाहीत, म्हणून शेवटी 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड'कडे वळलो. एआरआरएल या अमेरिकन संस्थेने 2003 साली सुरू केलेली ही सोय. आपण सगळे एलओटीडब्ल्यूच म्हणतो.

सुरुवात कंटाळवाणी आहे. टीक्यूएसएल नावाचं सॉफ्टवेअर उतरवायचं, त्यातून कॉलसाइनच्या (रेडिओवरच्या आपल्या ओळख-नावाच्या) सर्टिफिकेटची मागणी करायची, लायसन्सची आणि आणखी एका सरकारी ओळखपत्राची प्रत पाठवायची. मग येणारी फाइल ज्या लॅपटॉपवरून मागणी केली त्यावरच उघडते. मध्येच विंडोज नव्याने टाकलंत तर पुन्हा पहिल्यापासून. सर्टिफिकेट हातात आल्या आल्या पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या. तीन वर्षांनी ते नव्याने करून घ्यावं लागतं.

पहिल्या रात्री सगळा जुना लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, चढवला. एफटी8 चे, म्हणजे संगणकामार्फत केलेले, संपर्क पटापट जुळायला लागले, सकाळपर्यंत तीनशेच्या वर. मी खूश. पण आवाजावरचे, म्हणजे एसएसबीचे, दोनशे बारा संपर्क होते. त्यातला एकही जुळला नाही. मला वाटलं, एसएसबीवाले जुने लोक, अपलोड करत नसतील. असं समजून दोन महिने गप्प बसलो.

मग ओमानच्या एका स्टेशनला ई-मेल केला. त्यांचं उत्तर एका ओळीचं: आमच्या लॉगमध्ये तुम्ही आहात, तुमची वेळ बघा. डायरी काढली आणि कपाळावर हात मारला. सकाळी 9:40 ला झालेला संपर्क मी 9:40 असाच लिहून ठेवला होता. यूटीसीत, म्हणजे रेडिओवाले वापरतात त्या जागतिक वेळेत, तो 04:10 चा. एलओटीडब्ल्यूला कॉलसाइन, बँड (लहरींचा पट्टा) आणि मोड (एसएसबी, एफटी8 वगैरे पद्धत) तर जुळावे लागतातच, वरून दोन्हीकडची वेळ तीस मिनिटांच्या आत लागते. माझी साडेपाच तासांनी पुढे. एफटी8 चं सॉफ्टवेअर स्वतःच यूटीसीत नोंद करतं, म्हणून तिकडे माझं पितळ झाकलेलं राहिलं.

दुरुस्ती म्हणजे सरसकट साडेपाच तास वजा करणं नव्हे. रात्री सव्वा वाजताचा संपर्क यूटीसीत आदल्या दिवशीच्या 19:45 चा होतो, म्हणजे तारीखही मागे जाते. पुतण्याने ते लॉगिंग सॉफ्टवेअरमध्ये करून दिलं, मी डायरीशी एकेक ओळ ताडून पाहिली. दोन रविवार गेले. पुन्हा अपलोड केलं आणि दोनशे बारापैकी एकोणऐंशी जुळले.

माझी मुख्य तक्रार इथेच होती: चूक कळवत का नाहीत? समोरच्याने काय लिहिलंय ते जुळेपर्यंत दिसत नाही. अपलोड बिनबोभाट स्वीकारतात आणि नोंद तशीच पडून राहते. आता वाटतं, ते बरोबर आहे. त्याची वेळ मला दिसली असती तर मी ती मुकाट्याने उतरवून घेतली असती, आणि मग ते कन्फर्मेशन कसलं? पण 'तुमचे एसएसबीचे सगळेच संपर्क न जुळलेले आहेत' एवढी मोघम सूचना द्यायला काय हरकत होती, हे मात्र अजून कळलेलं नाही.

नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. 20 अंशांची अक्षांश रेषा आपल्या शहरातूनच जाते, त्यामुळे एकाच शहरात दोन ग्रिड, म्हणजे जागा सांगायचे नकाशावरचे चौकोन, आहेत. मी मखमलाबादच्या काकांचं बघून एमएल60 टाकलं होतं. त्यांचं बरोबर, नाशिकरोड, जेलरोडचं एमके69. देश मोजताना याने फरक पडत नाही, पण ग्रिड गोळा करणाऱ्या समोरच्या माणसाला आपण चुकीचा माल देतो. तेही दुरुस्त केलं. सीक्यू झोन 22 आणि आयटीयू झोन 41 (जगाच्या दोन वेगळ्या विभागण्यांतले आपले क्रमांक) सगळ्यांना एकच.

आजचा हिशेब: एकूण संपर्क 2,140, जुळलेले 1,180. गच्चीवर अँटेना म्हणून वीस मीटरची एंड-फेड वायर आणि 50 वॉट, एवढ्यावर. संक्रांतीत मांजा अडकून वायर खाली आली ते दोन आठवडे सोडून. ई-क्यूएसएल ही ऑनलाइन कार्डांची सोयही वापरून पाहिली. चित्रं छान आणि झटपट येतात, पण डीएक्ससीसी या पुरस्काराला ती चालत नाहीत.

डीएक्ससीसी, म्हणजे शंभर देशांचा 1937 पासूनचा पुरस्कार, त्यासाठी गेल्या महिन्यात अर्ज केला. भारतातून अर्ज करायला एआरआरएलचं सभासदत्व लागत नाही. संपर्क जुळण्याचे पैसे पडत नाहीत; पुरस्कारासाठी निवडलेल्या प्रत्येक क्रेडिटचे (धरलेल्या संपर्काचे) आणि सर्टिफिकेटचे पडतात. माझं बँकेचं कार्ड दोनदा नाकारलं गेलं, कारण परदेशी व्यवहार बंद होते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते चालू केल्यावर पैसे गेले. एकशे आठ क्रेडिट मिळाली. कागदी सर्टिफिकेट टपालाने यायचंय, म्हणजे पुन्हा पोस्टमनची वाट बघणं आलंच.

यादी 340 'एन्टिटीं'ची आहे, देशांची नव्हे. त्यामुळे अंदमान-निकोबार वेगळं, लक्षद्वीप वेगळं. अंदमान मला पहिल्याच वर्षी मिळालं. जपान, ब्राझील, फिनलंड सगळं आहे, आणि लक्षद्वीप नाही. काका म्हणतात, तिकडे कोणी रेडिओ घेऊन गेलं की आधी फोन करतो. तेवढ्यासाठी रिग (रेडिओ संच) रात्री झोपतानाही चालू ठेवतो, त्यावरून घरात बोलणी खातोय.