रंगाच्या डब्यावरचं कुत्रं घरी आणताना

ओल्ड इंग्लिश शीपडॉग म्हटलं की पुष्कळांना बोध होत नाही. ड्युलक्स या रंगाच्या जाहिरातीतलं, डोळ्यांवर झिपऱ्या आलेलं पांढरं-करडं कुत्रं म्हटलं की लगेच कळतं. 1961 पासून ते त्या रंगाबरोबर दिसतंय. तरी इथे ब्रिटनमध्ये, त्याच्या स्वतःच्या मुलखात, 2011 साली जेमतेम 401 पिल्लांची नोंद झाली आणि 2020 मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबने त्याला धोक्यातल्या ब्रिटिश जातींच्या यादीत टाकलं.

आम्ही इंग्लंडात डर्बीला राहतो. पिल्लू विकत घ्यायचं नव्हतं, म्हणून याच जातीची सोडून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला. अर्ज नऊ पानी. माझं लग्न ठरताना एवढी चौकशी झाली नव्हती! घर किती तास रिकामं असतं, कुंपण किती उंच, लेकाचं वय काय. मग एक निवृत्त बाई घर बघायला आल्या. चहा नंतर म्हणाल्या आणि मागच्या अंगणात जाऊन कुंपणाची फळी न् फळी हलवून पाहिली. दोन ढिल्या निघाल्या. आम्ही मागितलेलं कुत्रं दोन वर्षांचं, दांडगं; आमचा मुलगा तेव्हा सहाचा. सरळ नाही म्हणाल्या. मी महिनाभर धुमसत होते.

पाच महिन्यांनी त्यांचाच फोन आला. सात वर्षांचा बार्नी, मालकीण वृद्धाश्रमात गेलेली. भेटायला गेलो तर लाड करायच्या आधी माझ्या हातात तारांचा ब्रश आणि पोलादी फणी. तासभर शिकवणी झाली. वरवर ब्रश फिरवला तर वरून मऊ दिसतं आणि खाली कातडीलगत केसांचा चक्क नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला थर बसतो. म्हणून केस एका हाताने वर धरायचे, भांग पाडल्यासारखी एक ओळ मोकळी करायची, मुळापासून टोकापर्यंत फणी घालायची, मग पुढची ओळ. कानामागे आणि काखेत जीव खाऊन गुंता होतो. आठवड्याला तीन-चार तास जातात. हे त्यांनी तोंडावर सांगितलं, पण वेबसाइटवरचा फोटो भादरलेल्या बार्नीचा होता, तेवढी लबाडी मी धरतेच.

आमच्या घरातले वडीलधारे अण्णा सहा महिने राहायला आले होते तेव्हाची गंमत. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दारात बार्नीला बघून म्हणाले, "अगं, हे मेंढरं राखणारं का मेंढरूच?" आमच्याकडचं कुत्रं रात्री मेंढरांच्या वाड्याभोवती लांडग्यावर नजर ठेवतं, हाकायचं काम माणसाचं. हे उलट, गुरं-मेंढरं बाजारापर्यंत रस्त्याने हाकत न्यायचं. ते अंगात आहेच. पार्कात लेक जरा लांब गेला की बार्नी मागून येऊन खांद्याने त्याच्या ढुंगणावर ढुशी देतो आणि आमच्याकडे वळवतो. चावत नाही, भुंकत नाही. दोन दिवस हे बघितल्यावर अण्णांनी त्याचं नाव बारक्या ठेवलं. वजन अडतीस किलो.

जुन्या चित्रांत या कुत्र्याला शेपूट नसते. इंग्लंडात 2007 पासून अशा कुत्र्यांची शेपूट कापायला बंदी आहे, त्यामुळे आमच्या बारक्याला झुबकेदार शेपूट आहे. तीही विंचरावी लागते.

आता तक्रार. त्याच्या औषधोपचाराचे कागद तीन आठवड्यांनी आले, आणि त्यात कानाचं जुनं दुखणं लिहिलेलं. तोवर आम्ही व्हेटकडे दोनदा पैसे भरून तेच शोधून काढलं होतं. ईमेलला उत्तर यायला चार-पाच दिवस. सगळे फुकट राबणारे लोक आहेत हे मान्य, पण कुत्र्याबरोबर फाइल द्यायला काय हरकत होती? म्हणून संस्थेला पाचपैकी चार गुण.

देणगी अडीचशे पौंड घेतली, नसबंदी झालेली होती, कातडीखालची ओळखीची मायक्रोचिप आमच्या नावावर करून दिली. करारात एक कलम आहे: काहीही झालं तरी कुत्रं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, त्यांच्याकडेच परत. अर्ज करणार असाल तर मुलाचं वय खरं लिहा आणि कुंपण आधी स्वतः हलवून बघा. फणीवर पैसे वाचवू नका. माझी स्वस्तातली दुसऱ्याच आठवड्यात वाकली. निघालेले केस अण्णा पिशवीत भरून ठेवत होते, घोंगडं होईल म्हणून. तीन पिशव्या अजून गॅरेजमध्ये आहेत.