चालणे, झोप आणि रक्तदाब : नोंदवहीच्या नऊ महिन्यांचा अनुभव

नऊ महिन्यांपूर्वी तपासणीत रक्तदाब १४२/९० निघाला. औषध लगेच सुरू न करता काही महिने नियमित चालावे, वेळेवर झोपावे आणि घरी रक्तदाब मोजून त्याची नोंद ठेवावी, असे डॉक्टरांनी सुचवले. त्यासाठी मी आधी एक मोबाइल अॅप वापरले आणि नंतर साधी रेघांची वही. हा अनुभव मुख्यतः वहीचा आहे. पण अॅप का सोडले, हे आधी सांगायला हवे.

त्या अॅपमध्ये सलग किती दिवस चाललो, याचा आकडा पहिल्याच पानावर ठळक दिसे. एकेचाळिसाव्या दिवशी मला ताप आला आणि दुसऱ्या दिवशी तिथे शून्य दिसले. चाळीस दिवसांचे चालणे पायांत होतेच, तरीही ते शून्य पाहून माझा उत्साह इतका मावळला की पुढचे दोन आठवडे मी घराबाहेर पडलो नाही. लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा अभ्यास माझ्या वाचनात नंतर आला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा होता, मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, ६६ दिवसांचा होता, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नव्हता. हे आधी माहीत असते, तर ते दोन आठवडे वाया गेले नसते.

वहीत मी एका आठवड्याला एक पान दिले. डावीकडे त्या आठवड्याचा बेत आणि उजवीकडे प्रत्यक्षात काय घडले ते. चालण्याचे लक्ष्य रोजचे न ठेवता आठवड्याचे ठेवले, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितलेली आहे. त्यामुळे मंगळवार बुडाला, तर गुरुवारी भरून काढता येतो.

मात्र वहीचा खरा उपयोग मला झाला तो ‘का राहिले?’ या रकान्याने. तो मी वहीच्या दुसऱ्या महिन्यात, जवळजवळ सहज म्हणून आखला होता. तिसऱ्या महिन्याची चार पाने एकापुढे एक ठेवली, तेव्हा चारही बुधवार रिकामे दिसले आणि कारण चारही ठिकाणी तेच होते : काम उशिरा संपले, घरी येऊन बसलो, मग उठवले नाही. तोवर मी याला स्वतःचा आळस समजत होतो. पानांवर मात्र ती एका ठरावीक वाराची आणि ठरावीक खुर्चीची अडचण होती. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी मांडलेल्या ‘अमुक झाले की तमुक करीन’ या धर्तीवर मी बेत पुन्हा लिहिला : ‘बुधवारी काम संपले की तिथेच चालायचे बूट घालीन आणि वीस मिनिटे चालूनच घरी येईन.’ त्यानंतरच्या अकरा बुधवारांपैकी आठ भरले. नुसत्या बरोबरच्या खुणा करत राहिलो असतो, तर हे कधीच लक्षात आले नसते, असे मला मनापासून वाटते.

उणिवाही सांगतो. वही आठवण करून देत नाही, प्रवासात ती घरीच राहते आणि सरासरी हातानेच काढावी लागते. त्याहून मोठी अडचण म्हणजे मागाहून भरलेल्या नोंदी. पाचव्या महिन्यातील एका पानावर सात दिवसांची सात ‘३० मिनिटे’ एकाच शाईत, एकाच वळणात लिहिलेली आहेत. ती मी रविवारी रात्री आठवून भरली होती आणि आज त्यांवर माझा स्वतःचाच विश्वास नाही. आता त्याच दिवशी लिहिले नाही, तर तो चौकोन मी कोराच सोडतो.

रक्तदाबाच्या बाबतीत शिस्त अधिक लागते. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला आधार, पावले जमिनीवर टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन मोजण्या, एवढे पाळले नाही तर आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. गेल्या महिन्याची माझी सरासरी १३१/८३ आहे. त्यात चालण्याचा वाटा किती आणि जेवणातील मीठ कमी केल्याचा किती, हे माझ्या वहीवरून सांगता येणार नाही. पूर्वी तपासणीला गेल्यावर मी ‘बरे आहे’ एवढेच सांगत असे. आता डॉक्टर वही हातात घेऊन पाने उलटतात आणि नेमका प्रश्न विचारतात.

झोपेत मात्र मला यश आले नाही. ‘लवकर झोपणे’ असे कितीतरी महिने लिहिले, पण त्याला ना ठरलेली वेळ होती, ना आधीचा एखादा प्रसंग जोडलेला होता. नव्या वहीत तो रकाना बदलून ‘दहा वाजता फोन दुसऱ्या खोलीत ठेवला का?’ असा केला आहे. त्याची पहिली तीन पाने भरली आहेत. एकवीस रात्रींपैकी नऊ रात्री तो ठेवला गेला, आणि राहिलेल्या बारांपैकी सात रात्रींपुढे कारण म्हणून ‘गजर फोनवर आहे’ असे लिहिलेले आहे. काल गजराचे वेगळे घड्याळ आणले.