गडवाटांच्या संकेतस्थळासाठी ग्रॅव्ह : ११ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचा पुण्यातला भटक्यांचा छोटा गट आहे. महिन्यातून दोनदा रविवारी पहाटे स्वारगेटला जमायचं, एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर दोन गाड्या करायच्या आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. गटाचं एक संकेतस्थळ आहे. किल्ल्यांची माहिती, मोहिमांचे वृत्तांत आणि पुढच्या मोहिमेची सूचना एवढंच त्यावर असतं. साधारण १४० पानं, सगळी मराठीत. मार्च २०२५ मध्ये आम्ही ते वर्डप्रेसवरून ग्रॅव्ह या संकेतस्थळ चालवायच्या दुसऱ्या प्रणालीवर हलवलं. छोटं मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

आधी हलवलं का ते सांगतो. जुन्या संकेतस्थळावर फोटोंच्या दालनासाठी एक प्लगइन, म्हणजे वाढीव सोय देणारं जोडसॉफ्टवेअर, टाकलेलं होतं. ते वर्षभराहून जास्त काळ कुणी अद्ययावत केलं नव्हतं. एके सकाळी राजगडाचं पान उघडणारा माणूस भलत्याच औषधविक्रीच्या पानावर जायला लागला. चूक आमचीच होती, वर्डप्रेसची नव्हे. मात्र संकेतस्थळाला सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्याने ‘रोजचा बॅकअप असतो’ असं सांगितलं होतं आणि मागितला तेव्हा निघाला दोन महिन्यांपूर्वीचा. मधल्या काळातले चार वृत्तांत गेले. आमच्या काकांकडे हाताने लिहिलेल्या वह्या होत्या, म्हणून तीन परत लिहून काढता आले. चौथा गेला तो गेलाच.

हे काका सदाशिव पेठेतले, वय ७१, बँकेतून निवृत्त. संकेतस्थळावरचा निम्म्याहून अधिक मजकूर त्यांचा आहे. कोणती प्रणाली घ्यायची हे ठरवताना मी वैशिष्ट्यांचे तक्ते बघत बसलो होतो. तेव्हा तेच म्हणाले, “अरे, तक्ते कशाला बघतोस? माझा एक वृत्तांत घे आणि सगळीकडे चढवून बघ.” या कामात मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. ‘राजगड ते तोरणा, बुधला माचीमार्गे’ हा त्यांचा वृत्तांत घेतला. २२०० शब्द, १८ फोटो, शीर्षकात विरामचिन्हं, मजकुरात जागोजाग दऱ्या आणि खोरी. मग तो एकेका प्रणालीत टाकून पाहिला.

ह्यूगोवर तो सगळ्यात वेगाने उघडला. तिथे सर्व्हरवर फक्त तयार पानं असतात, त्यामुळे घुसखोरीला वावच फार कमी. पण स्वल्पविराम बदलायचा तरी माझ्या लॅपटॉपवर पानं नव्याने तयार करून वर चढवावी लागणार. म्हणजे मी गावाला गेलो की संकेतस्थळावरचं काम बंद. कर्बी मनापासून आवडलं, पण त्याला प्रत्येक संकेतस्थळामागे परवान्याचे पैसे पडतात. आमची वर्गणी बघता तो विषय तिथेच संपला.

वर्डप्रेस पुन्हा घ्यावं असं गटातल्या निम्म्या लोकांचं मत होतं आणि ते चुकीचं नव्हतं. २००३ पासून ते चालू आहे आणि मदत करणारा माणूस पुण्यात गल्लोगल्ली सापडतो. पण त्यात एक गोष्ट अशी आहे जी मराठीत लिहिणाऱ्यालाच टोचते. शीर्षक मराठीत असलं की दुव्याचं नावही मराठीत तयार होतं. साठवताना त्यातल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्याच्या खुणांसकट नऊ रोमन अक्षरं होतात. काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. आणि त्या नावासाठी जागा असते एकूण २०० अक्षरांची. म्हणजे बाविसेक चिन्हांनंतर नाव कापलं जाणार. काकांच्या वृत्तांताचा दुवा ‘राजगड-ते-तोरणा-बुधला-माची’ इथे थांबला, ‘मार्गे’ गळून पडलं. दुवा चालतो, हाताने बदलताही येतो. पण दरवर्षी त्याच वाटेने जाणाऱ्या गटाचे चार वृत्तांत सारख्याच नावांवर येतात आणि त्यांना पुढे २, ३ असे आकडे लागतात. शिवाय असा दुवा व्हॉट्सअॅपवर चिकटवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या खुणांच्या चार ओळी दिसतात. ते बघून माणूस दाबायलाच कचरतो.

ग्रॅव्ह हे २०१४ मध्ये आलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. पीएचपी या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं, त्यामुळे साध्या सामायिक होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळं असतात तिथेही, बसतं. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक फोल्डर. त्यात मजकुराची एक साधी फाइल आणि त्याच पानाचे फोटो. फोल्डरच्या नावाआधी ०१, ०२ असा आकडा दिला की ते पान मेन्यूत त्या क्रमाने येतं, नाही दिला तर मेन्यूत दिसत नाही, पण दुव्याने उघडतं. फोल्डरचं नाव तेच दुव्याचं नाव. फोल्डरची नावं छोटी आणि रोमन लिपीतच ठेवायची, शीर्षक मात्र हवं तेवढं लांब मराठीत, असा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला.

काकांना हे फोल्डरचं गणित एका बैठकीत कळलं. बँकेत प्रत्येक खात्याची वेगळी फाइल असायची, तसंच आहे म्हणाले. लिहायला मार्कडाउन आहे. ठळक करायला दोन तारे, उपशीर्षकाला दोन चौकटीच्या खुणा (##). दोन आठवडे ते विसरत होते, मग हात बसला. ब्राउझरमधून पानं लिहायचं-बदलायचं अॅडमिनचं पटल आम्ही इंग्रजीतच वापरतो, त्याची अडचण कुणाला आली नाही.

सगळ्यात मोठा फायदा कळला तो वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड करायचा निर्णय झाल्यामुळे. आमच्या ३८ पानांवर ‘वेल्हे तालुका’ होतं. सगळी पानं साध्या फाइली असल्यामुळे पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर उतरवला आणि व्हीएस कोड या फाइली संपादायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदम सगळीकडे शोधलं. सरसकट बदलून चालणार नव्हतं, कारण वेल्हे गाव वेल्हेच आहे, एसटीही वेल्ह्यालाच जाते. ‘ता. वेल्हे’, ‘वेल्हे तालुक्यात’, ‘वेल्हे तालुक्यातील’ अशी रूपं एकेक डोळ्यांखालून घालत बदलली. अर्ध्या तासात काम झालं. अॅडमिनमधून एकेक पान उघडत बसलो असतो तर दोन संध्याकाळी गेल्या असत्या आणि चार-पाच जागा राहून गेल्या असत्या.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातले राजगड, लोहगड आणि शिवनेरी आपल्या जिल्ह्यातले. बातमी आली त्या रात्री आमच्या खजिनदार ताईंनी कर्वेनगरच्या घरातून मला न विचारता तिन्ही पानांवर दोन-दोन ओळी घातल्या. सकाळी मी उठून बघतो तर काम झालेलं. संकेतस्थळ एका माणसावर अडून राहू नये ही माझी जुनी इच्छा होती, त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता अडचणी. पानाच्या फाइलीत सगळ्यात वर शीर्षक, तारीख वगैरेचा छोटा भाग असतो आणि तो शिस्तीने लिहावा लागतो. तिथे शीर्षकात विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविरामाचं चिन्ह आणि पुढे मोकळी जागा आली की घोळ होतो. ‘राजगड: पद्मावती माची’ असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं तर प्रणाली ‘राजगड’ला नवीन रकान्याचं नाव समजते आणि पान मोडतं. पूर्ण शीर्षक अवतरणात घातलं की झालं. अॅडमिनच्या अर्जातून भरलं तर हे आपोआप सांभाळलं जातं, फाइल हाताने लिहिणाऱ्यालाच लक्ष ठेवावं लागतं. मराठी शीर्षकांत हे चिन्ह फार येतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्या भागात टॅबची कळही वापरायची नाही, फक्त स्पेस.

तारखेचा धडा आम्ही पावसाळ्यात घेतला. सूचनेला ‘या दिवशी दिसू दे, या दिवशी उतरव’ असं सांगता येतं, आणि ही सोय आमच्यासारख्यांना सोन्यासारखी आहे. पण आम्ही तिरप्या रेषांनी ०५/०७ लिहिलं ५ जुलै समजून. पीएचपी तिरप्या रेषा दिसल्या की पहिला आकडा महिना धरतं. सूचना ७ मेलाच उतरली असं मानलं गेलं आणि ती दिसलीच नाही. मधे आडव्या रेघा दिल्या की पहिला आकडा दिवस धरला जातो. तेव्हापासून आम्ही वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहितो.

फोटो हा वेगळा विषय. पानावर फोटो टाकताना पुढे हवा तो आकार लिहिला की ग्रॅव्ह स्वतः लहान प्रत करून ठेवतं. छान चालतं, पण आजकालच्या फोनचे ४८ मेगापिक्सेलचे फोटो तसेच चढवले की सामायिक होस्टिंग धापा टाकतं. फोटो उघडताना प्रत्येक ठिपक्याला (पिक्सेलला) साधारण चार बाइट मेमरी लागते, म्हणजे एका फोटोला जवळजवळ १९ कोटी बाइट, १८० एमबीच्या वर. पीएचपीची ठरीव मर्यादा १२८ एमबी. फाइल फोनवर १० एमबीची दिसते म्हणून फसायला होतं. फोटो आधीच २००० ठिपके रुंदीचे करून मगच चढवायचे, हे आता सगळ्यांना पाठ आहे.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते शोधाने. शोधपेटीत ‘खोऱ्यात’ टाकलं तर कानद खोऱ्याची निम्मीच पानं यायची. दोन दिवस मला काही सुचेना. डोळ्यांना दोन्हीकडचे शब्द अगदी सारखे. शेवटी एका फाइलीतलं एकेक चिन्ह सुटं करून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. काकांच्या लॅपटॉपवर पहिला प्रकार उमटत होता आणि जुन्या संकेतस्थळावरून आलेल्या मजकुरात दुसरा होता. साधा शोध चिन्हाला चिन्ह ताडून बघतो, त्याला हे दोन शब्द वेगळेच. हा दोष एकट्या ग्रॅव्हचा नाही, साधा शोध असेल तिथे कुठेही हेच होईल. आम्ही सगळ्या फाइलींत दुसरा प्रकार बदलून पहिला केला. आता महिन्यातून एकदा तेवढी शोधाशोध करतो. तरी वाचणाऱ्याच्या फोनवरून दुसऱ्या प्रकारचा शब्द आला तर हाती काही लागत नाही, ते अजून सुटलेलं नाही. ‘गड’ शोधला तर ‘गडावर’ सापडतो, पण ‘दरी’ शोधून ‘दरीत’ मिळालं तरी ‘दऱ्या’ मिळत नाही. आपल्या भाषेतली सामान्यरूपं ओळखणारा शोध हवा असेल तर इथे तो नाही.

अक्षरांबाबत एक सांगून ठेवतो. पानाची भाषा हिंदी किंवा इंग्रजी न ठेवता मराठी म्हणून नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर मग पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप दिसतो. काकांनी हा बदल पहिल्या मिनिटाला ओळखला.

डेटाबेस नाही म्हणजे सुरक्षिततेची चिंता नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०२१ मध्ये ग्रॅव्हच्या अॅडमिन प्लगइनमध्येच एक गंभीर त्रुटी सापडली होती. लॉगिन न करता बाहेरच्याला आत ढवळाढवळ करता येत होती. १.१०.८ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली, पण ज्यांनी अद्ययावत केलं त्यांच्यासाठीच. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अद्ययावत करतो, त्याआधी संपूर्ण फोल्डरची प्रत माझ्याकडे, ताईंकडे आणि काकांच्या पेन ड्राइव्हवर अशी तीन ठिकाणी जाते. होस्टिंगवाल्याच्या शब्दावर आता काहीच सोडत नाही.

ज्यांना ऑनलाइन पैसे घ्यायचे आहेत, सभासदांची नोंदणी, पावत्या असं सगळं हवं आहे, त्यांनी वर्डप्रेसच घ्यावं. तिथे तयार गोष्टी खूप आहेत. ग्रॅव्हला तयार थीम कमी, आणि मराठीतून मदत करणारं कुणी मला तरी भेटलं नाही, इंग्रजी कागदपत्रं वाचावी लागली.

जानेवारीत मी तीन आठवडे आजारी होतो. गटातल्या, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने तेवढ्यात तिकोन्याचा वृत्तांत चढवला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने काकांचा तोरण्याचा फोल्डर उघडला, त्याची प्रत केली, आतला मजकूर आणि फोटो बदलले, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली आणि काकांना फोन केला, “काका, एकदा बघून घ्या ना.” काकांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि पान प्रसिद्ध केलं.