सहा महिन्यांनी: वायफाय डाँगल चांगला, ड्रायव्हर भारी बडबड्या

आधी निकाल सांगून टाकतो. डाँगल (यूएसबीत लावायचा छोटा वायफाय) ठेवलाय, परत केलेला नाही, बदलायचाही विचार नाही. वेग कामापुरता मिळतो, दोन भिंतींपलीकडे रेंज धरतो. पण लिनक्सवर लावणार असाल तर खोक्यावरचे आकडे बघण्याआधी त्याचा ड्रायव्हर (डाँगल चालवणारं सॉफ्टवेअर) लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, काय आणि किती लिहितो ते बघा. माझी सगळी डोकेदुखी तिथेच होती. कंपनीचं नाव देत नाही. आत तीच चिप घालून वेगवेगळ्या नावांनी हे डाँगल विकतात, त्यामुळे नाव कळून फारसा उपयोगही नाही.

वापर असा: मागच्या खोलीत जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार), चोवीस तास चालू. घरातल्या सगळ्यांच्या फोटोंचा बॅकअप त्यावर पडतो. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायला मालक तयार नाहीत, म्हणून केबलऐवजी डाँगल. ‘एसी ६००’ वर्गातला आहे, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर ४३३ आणि २.४ वर १५० एमबीपीएस. दोन्ही एका वेळी मिळत नाहीत, ती बेरीज फक्त खोक्यावर असते.

उन्हाळ्यात घेतला तेव्हा मशीनवर डेबियन १२ होतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१. डाँगल लावला की तो वायफाय म्हणून दिसायच्या आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो, कारण पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरून दिलेला असतो. यूएसबी-मोडस्विच हा छोटा प्रोग्राम टाकला की हे सुटतं. खरी अडचण पुढे. या चिपला यूएसबीवर चालवणारा कोड मुख्य कर्नलमध्ये ६.२ पासून आला, त्यामुळे ६.१ वर बाहेरून सोर्स आणून डीकेएमएसने (बाहेरचा ड्रायव्हर आपल्या कर्नलसाठी बांधून देणारं साधन) बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बांधला, नेट चालू झालं, आणि काही दिवसांत रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिमचा भाग) भरत आल्याची सूचना आली.

उघडून पाहिलं तर लॉगमध्ये हा ड्रायव्हर सोडून दुसरं काही वाचायलाच मिळेना. स्कॅन सुरू केलं, चॅनल ३६ वर गेलो, ४० वर गेलो, स्कॅन संपलं, सिग्नल इतका, पॉवर सेव्हमध्ये गेलो, बाहेर आलो. कुठेही चूक नाही, बिघाड नाही, नुसता दिनक्रम. आणि त्यातल्या बऱ्याच ओळी ‘माहिती’ या पातळीवर नाहीत, ‘इशारा’ म्हणून छापलेल्या. त्यामुळे डीमेसेजला (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) फक्त इशारे आणि चुका दाखव म्हटलं तरी हाच कचरा वर येतो.

शिवाय मशीन डेबियन ११ वरून वाढवत आणलेलं असल्याने आरसिसलॉग (लॉग साध्या फाइलींत लिहिणारा जुना प्रोग्राम) त्यावर होताच. एकच ओळ जर्नलमध्ये (सिस्टिमचा नवा लॉग), तीच सिसलॉगमध्ये, तीच कर्न डॉट लॉगमध्ये. डिस्क भरली ती अशी तिप्पट.

जागेपेक्षा मला जास्त खुपलं ते वेगळंच. कर्नलचा स्वतःचा लॉग बफर साधारण १२८ केबीचा असतो, भरला की जुन्या ओळी पुसल्या जातात. बॅकअपच्या डिस्कची साटा केबल सैल होती आणि डिस्क मधूनच रीसेट होत होती. तो मेसेज डीमेसेजमध्ये सापडलाच नाही, डाँगलच्या ओळींनी तो केव्हाच ढकलून दिला होता. जर्नलमध्ये ‘एटीए’ (डिस्कच्या मेसेजवर येणारं नाव) असं शोधल्यावर मिळाला. बॅकअपच्या मशीनवर हे चालणार नाही.

उपाय म्हणून जिथे तिथे जे सांगतात, त्यातलं बरंचसं इथे लागू पडत नाही. बूटच्या ओळीत ‘क्वाएट’ लिहिल्याने फक्त स्क्रीन शांत होते, बफरमध्ये सगळं जातच राहतं. ‘कर्नल डॉट प्रिंटके_रेटलिमिट’ ही मेसेजच्या वेगाची मर्यादा बदला म्हणतात, पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याने मेसेज त्या मर्यादेतून पाठवला असेल तरच ती लागते, आणि इथे तसं केलेलंच नव्हतं. जर्नलडीची (जर्नल लिहिणारा प्रोग्राम) वेगमर्यादा सर्व्हिसेसना लागते, कर्नलच्या ओळींना नाही. ‘सिस्टिममॅक्सयूज’ (जर्नलने जास्तीत जास्त घ्यायची जागा) २०० एमबी केलं की डिस्क वाचते हे खरं, पण मग त्या २०० एमबीतही हाच कचरा राहतो आणि कामाच्या जुन्या ओळी लवकर जातात. आरसिसलॉगमध्ये गाळणी लावता येते, तीही तोटीला फडकं बांधण्यातलाच प्रकार.

नळ बंद करायचा तर ड्रायव्हरमध्येच. ‘मॉडइन्फो -पी’ चालवून मॉड्यूलचे (कर्नलमध्ये चढवलेला ड्रायव्हर) पॅरामीटर, म्हणजे सेटिंग, बघा. माझ्या ड्रायव्हरमध्ये लॉगच्या पातळीचा एक पॅरामीटर होता, बांधतानाच चारवर ठेवलेला; आकडा कमी तितकी बडबड कमी. मॉडप्रोब डॉट डी या फोल्डरमध्ये एक फाइल करून त्यात ‘ऑप्शन्स’, मॉड्यूलचं नाव आणि पातळी एक, एवढी ओळ लिहिली, मॉड्यूल काढून परत चढवलं. नव्वद टक्के गोंगाट तिथेच थांबला असेल.

पण गप्प करण्याआधी एकदा मोजा, ही माझी कळकळीची विनंती. वेळ आणि आकडे छाटून ओळी ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक -सी’ मधून काढल्या की कोणती ओळ किती वेळा येते ते लगेच दिसतं. त्यात मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, पॉवर सेव्हमधून बाहेर येताना अडखळल्याच्या ओळी, आणि नेमक्या त्याच वेळी फाइल कॉपी अडकायची. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फमध्ये ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’ दोन केलं, म्हणजे बंद, आणि ते अडकणं थांबलं. दुसरं, २.४ वर सिग्नल अकारण पडत होता. डाँगल यूएसबी ३ च्या पोर्टात, शेजारी बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढलेला आहे. एक साधी एक्स्टेंशन केबल लावून डाँगल टेबलाच्या कडेला आणला, काम झालं. आधीच तोंड बंद केलं असतं तर यातलं काही कळलं नसतं.

स्कॅनच्या ओळी उरल्या होत्या. घरात राउटर एकच, मशीन जागचं हलत नाही, मग दुसरं नेटवर्क शोधत बसायचं कारण काय? कनेक्शनमध्ये राउटरचा बीएसएसआयडी (त्याचा वायफाय ओळख क्रमांक) पक्का करून टाकला, मागे चालणारं स्कॅनही बंद. लॅपटॉपवर मात्र हे करू नका, बाहेर गेलात की अडचण होईल.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, कर्नल ६.१२. डीकेएमएसचा ड्रायव्हर काढला, कर्नलमधला ड्रायव्हर अडवणारी ब्लॅकलिस्टची फाइल उडवली (ही राहिली तर कर्नलमधला ड्रायव्हर चढतच नाही आणि माणूस फर्मवेअर शोधत बसतो), डेबियनच्या नॉन-फ्री-फर्मवेअर विभागातून फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) घेतलं. आता बूटच्या वेळी चार ओळी, वीज जाऊन इन्व्हर्टरवर जाताना राउटर बंद-चालू झाला की दोन-तीन, बस्स. वेग बाहेरच्या ड्रायव्हरपेक्षा किंचित कमी वाटतो, बॅकअपला फरक पडत नाही. कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बांधायची कटकटही गेली, जी खरं तर लॉगइतकीच त्रासदायक होती.

पैशाच्या मानाने डाँगल ठीक. नवा कर्नल असेल तर डोळे झाकून घ्या. डेबियन १२ वरच राहायचं असेल तर बॅकपोर्ट्समधला (जुन्या डेबियनसाठी दिलेली नवी सॉफ्टवेअर) कर्नल आधी टाका, मग डाँगल लावा.