पहिला इंजिनिअर: मुरलेला की नवखा?

मिठाईच्या दुकानांसाठी बिलिंगचं ॲप करायला घेतलं तेव्हा आमच्याकडे पैसे एकाच पगाराचे होते आणि टेबलावर बायोडेटा दोन. एक मोठ्या आयटी कंपनीत बारा वर्षं काढलेला. दुसरी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, पण काकांच्या दुकानाची उधारीची वही तिने मोबाइलवर आणली होती. आम्ही आधी त्याला घेतलं, मग तिला. म्हणजे दोन्ही करून झालंय, तेव्हा तुमचा निर्णय व्हायचा असेल तर हा हिशेब कामी येईल.

पगारातला फरक उघड आहे, त्यावर वेळ घालवत नाही. नोटीस पीरियड मात्र मोजा. मोठ्या कंपन्यांत तो बऱ्याचदा 90 दिवसांचा असतो. तेवढ्यात माणसाला दुसरी ऑफर येते, जुनी कंपनी पगार वाढवते, आणि तुम्ही पुन्हा शून्यावर. नवखी व्यक्ती सोमवारी येऊन बसते.

आमचा मुरलेला माणूस आला. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "टेस्टिंगची टीम कुठे बसते?" आम्ही तिघं एकाच टेबलाभोवती होतो. माणूस हुशार होता, पण त्याला लागणारी व्यवस्था उभी करायलाच तर त्याला आणलं होतं. चार महिन्यांत गेला. जाताना डेटाबेस मात्र इतका नीट बांधून गेला की अजून त्यावरच चाललंय.

ती आली आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसली. मालकांनी कीबोर्डवर मालाच्या कोड नंबरांची कागदाची पट्टी चिकटवली होती: काजूकतली 14, पेढा 22. त्या पट्टीवरून तिने अख्खी बिलाची स्क्रीन बदलली. हे मुरलेल्याला सुचलं नसतं असं नाही, पण तो गल्ल्यावर गेलाच नव्हता. याच मुलीने पाडव्याच्या सकाळी, श्रीखंडाच्या ऐन गर्दीत, चालू सर्व्हरवर थेट बदल केला. चाळीस मिनिटं दुकानदार कच्च्या पावत्या फाडत होते. "ताई, आजच सुचलं का हो?" एवढंच ते फोनवर म्हणाले.

माझ्या मते प्रश्न वयाचा नाहीच. तुम्हाला स्वतःला कोड वाचता येतो का? येत असेल तर नवखी व्यक्ती घ्या, तिच्या चुका तुम्ही वेळेत पकडाल. येत नसेल तर मुरलेल्याशिवाय पर्याय नाही, कारण काम चांगलं झालं की वाईट हेच तुम्हाला कळणार नाही. झिरोधा ही शेअर ब्रोकिंग कंपनी 2010 मध्ये सुरू करणारे नितीन कामत मुळात ट्रेडर. 2013 मध्ये तंत्रज्ञान सांभाळायला कैलाश नाध आले तेव्हा त्यांच्यामागे प्रोग्रॅमिंगची बरीच वर्षं आणि पीएचडी होती. 'काइट' हे त्यांचं ट्रेडिंगचं ॲप त्यानंतर, 2015 मध्ये आलं.

घाई करायची की थांबायचं? घरं-खोल्या मुक्कामाला भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी पहिल्या इंजिनिअरसाठी कित्येक महिने घालवले. त्यांचं कौतुक आहे, पण तोवर गाडा ओढायला त्यांच्यातच एक इंजिनिअर होता, हे विसरू नका.

पगार कमी पडतो तिथे शेअर्सचं आमिष दाखवतात. ईसॉप (ठरलेल्या भावात पुढे कंपनीचे शेअर्स घेण्याचे हक्क) प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला देता येतात. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, नाही, कारण तिथे शेअर्सच नसतात. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ते हाती यायला किमान एक वर्ष जावं लागतं, आणि बहुतेक जण चार वर्षांत विभागून देतात. मुरलेला माणूस यातलं प्रत्येक कलम वाचतो. नवख्याला तुम्ही स्वतः बसून समजावा, नाहीतर पुढे कडवटपणा येतो.

आम्ही शेवटी तिसरंच केलं. ती पूर्णवेळ, आणि एक मुरलेले गृहस्थ आठवड्यातून दोन संध्याकाळी, तासाच्या हिशेबाने. त्यांनी बघून हो म्हटल्याशिवाय दुकानांच्या सर्व्हरवर काही जात नाही. सणाच्या आठवड्यात ते हो म्हणतच नाहीत.